उतारावर इंजिन बंद

"मिस्त्री, ॲव्हरेज किती देईल?"

मुरबाडला शहापूर रस्त्यावर माझं गॅरेज होतं. ते चालवलं त्या सगळ्या वर्षांत हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेन, सांगता येणार नाही. ब्रेक लागतात का, असं विचारणारा वर्षातून एखादा भेटायचा. दिवे लागतात का, हे विचारणारा तोही नाही. आपले नसले तरी समोरच्याचे असतातच, असा हिशोब. पण ॲव्हरेज सगळ्यांना हवं. स्थळ बघायला गेलेले लोक मुलाचा पगारसुद्धा जरा आडून विचारतात. गाडीचं ॲव्हरेज मात्र दारातूनच, हॉर्न वाजवता वाजवता.

संपादकांनी मला गॅरेजमधल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेत, सांगतो. पण मला खरं सांगायचंय ते तुकारामाच्या पायाबद्दल. तुकाराम माझा दोस्त, मुरबाड-कल्याण लाइनीवरचा सगळ्यात चांगला जीप ड्रायव्हर. तो आज कुबडी घेऊन चालतो आणि पुन्हा कधी स्टिअरिंगवर बसणार नाही. त्यात एका गाडीचा हात आहे, तिच्या मालकाचा आहे आणि माझाही आहे. हे गमतीजमतीत बसत नसेल तर संपादकांनी खुशाल कापावं.

आधी धंदा सांगतो, म्हणजे बाहेरच्या माणसाला कळेल.

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण गाठायचं तर एसटी, नाहीतर माणसं भरून नेणारी खासगी वडाप जीप. नव्वदच्या आगेमागे या जीपांचा सुकाळ झाला. जीप यायची सरकारी लिलावातून, पेट्रोलवर चालणारी, आणि ती पेट्रोल असं प्यायची की मालकाला रडू यावं. मग ती माझ्याकडे. मी तिचं इंजिन उतरवायचो आणि जागी डिझेलचं बसवायचो. हे डिझेल इंजिन कुठलं? कधी मोडीत निघालेल्या टेंपोचं, कधी ट्रॅक्टरचं. त्याला जुना गिअरबॉक्स बसत नाही, म्हणून मधली पट्टी कापून घडवायची. पट्टी बसली की शाफ्ट लांब पडतो, म्हणून तो कापायचा. शेवटी जी गाडी तयार व्हायची तिचं तोंड एकाचं, पोट दुसऱ्याचं आणि पाय तिसऱ्याचे. आरटीओच्या साहेबाला तिचं नाव सांगता आलं नसतं. पण ती नऊ माणसांच्या जागेत अठरा घेऊन सरळगावचा चढ चढायची. अशा जीपा मी केल्या आणि त्या वर्षानुवर्षं धावल्या, याचा मला अजून ताठा आहे.

हायब्रीड हा शब्द आमच्याकडे तेव्हा फक्त बियाण्याला लावत. हायब्रीड भात, हायब्रीड टोमॅटो. आणि हल्लीच्या पोरांच्या अंगात दम नाही असं वाटलं की म्हातारे म्हणायचे, हायब्रीडचं खाऊन वाढलेत. गाडीला हा शब्द लागलेला मी ऐकला तो पुष्कळ नंतर.

माझं तोंड वाईट. हे मी नाही सांगत, तालुका सांगतो. गाडी आणणाऱ्याला मी आधी शिव्या द्यायचो, मग बॉनेट उघडायचो. धसईकडचा एक जीपवाला होता. त्यानं ॲव्हरेज वाढवायला डिझेलात रॉकेल मिसळायला सुरुवात केली. आता डिझेलच्या पंपाला वंगण वेगळं नसतं. डिझेल स्वतःच जरा तेलकट, त्याच तेलकटपणावर तो पंप चालतो. रॉकेल कोरडं. एका महिन्यात पंप घासून गेला. मी त्याला त्याच्या आजोबांपर्यंत शिव्या दिल्या, पंप दुरुस्त करून दिला. दोन महिन्यांनी पुन्हा हजर, पुन्हा रॉकेलचा वास. तिसऱ्या खेपेला पंप पार गेला, गाडी बैल लावून ओढत आणली. बैलांच्या मागून चालत आलेला हा माणूस मला म्हणतो, "पन मिस्त्री, दोन महिने ॲव्हरेज काय दिला होता!" त्याच्या तोंडावर चक्क अभिमान होता.

दुसरे एक गुरुजी. किन्हवलीकडे शाळेवर होते. सेकंडहँड व्हॅन घेतली होती आणि दर रविवारी ॲव्हरेज पडलं म्हणून माझ्या डोक्याशी. कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले, हवा भरली, काही फरक नाही. शेवटी मी त्यांच्या शेजारी बसून गेलो. गुरुजींचा डावा पाय सारखा क्लचवर टेकलेला. जन्मभर पेटीचा भाता दाबत असल्यासारखा. अर्धा क्लच दाबून गाडी पळवली तर इंजिन कण्हतं आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. मी म्हटलं, "गुरुजी, पोरांना ओणवं उभं करता, या पायाला का नाही करत?" सांगून सुधारतील ते गुरुजी कसले. मग मी त्यांच्या बाईंना सांगितलं, तुम्ही शेजारी बसा, शाळेतली पट्टी घ्या, आणि पाय क्लचवर गेला की गुडघ्यावर हाणा. बाईंनी ते काम मनापासून केलं. तीन आठवड्यांत व्हॅन सुधारली.

तर अशी माणसं. यांना मी हसायचो, आणि अजून हसतो. पण ॲव्हरेजच्या वेडाचा खरा प्रकार होता तो उतारावरचा.

चढ चढताना डिझेल जातं, त्याला इलाज नाही. पण उतारावर गाडी आपल्या वजनानं उतरते, मग तिथं इंजिन कशाला चालू ठेवायचं? हा आमच्या जीपवाल्यांचा प्रश्न, आणि त्यांनी त्याचं उत्तरही काढलं होतं. घाटमाथ्यावर आलं की गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, आणि गाडी सोडून द्यायची. माळशेज उतरताना खाली येईपर्यंत नुसता टायरांचा सूं आवाज. जुन्या डिझेल जीपचं इंजिन चावीनं बंद होत नसे, एक नॉब खेचावा लागायचा. तो असायचा डॅशबोर्डच्या खाली, लांब. एकदा तुकाराम जीप घेऊन आला आणि म्हणाला, "दत्या, ह्यो नॉब माज्या हाताखाली आन रे. घाटात वाकाया लागतंय."

मी त्याला अर्धा तास शिव्या दिल्या. इंजिन बंद करून उतरलास तर गिअरमधलं इंजिन गाडीला मागे धरतं तो आवळ मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, तापले की धरत नाहीत. तुझ्याबरोबर अठरा माणसं मरतील आणि त्यांचे नातेवाईक माझ्या दारात येतील. हे सगळं त्यानं बिडी ओढत ऐकून घेतलं. तो ऐकायचा नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी अट घातली. नॉब हलवून देतो, पण दर महिन्याला चारी चाकांचे ड्रम उघडून ब्रेकचे लायनर मला दाखवायचे. एक महिना चुकलास तर नॉब उपटून टाकीन.

तो एक महिना चुकला नाही. सतरा वर्षं दर महिन्याला यायचा, मी ड्रम उघडायचो, काहीतरी सापडायचंच आणि मी तोंड सोडायचो. तो हसायचा, लायनर बदलून घ्यायचा आणि जायचा. त्याच्या जुन्या जीपमध्ये हे खपत होतं याला कारण होतं. तिच्या ब्रेकला दुसऱ्या कशाची मदतच नव्हती. इंजिन चालू असो की बंद, पेडल तेवढंच जड. पायात जोर हवा, आणि तुकारामाच्या पायात होता. घाटाखालच्या वाडीतला माणूस, लहानपणापासून डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरलेला. लाइनीवर त्याच्याइतकं ॲव्हरेज कोणाचं नव्हतं आणि त्याच्या हातून एक कोंबडी मेली नव्हती.

पुढे जीपा गेल्या. जुन्या गाड्यांना पासिंग मिळेना, नवीन मोठ्या गाड्या आल्या. तुकारामाची जीप मीच मोडली. तो काही दिवस नुसता माझ्याकडे येऊन बसायचा. आणि मग हरिभाऊ आले.

हरिभाऊ भातसानगरला धरणावर नोकरीला होते. काम पाण्याची पातळी बघायची. उभं आयुष्य त्यांनी आकडे वाचले. आज किती चढलं, काल किती उतरलं. निवृत्त झाल्यावर वाचायला आकडा उरला नाही, तसा माणूस बेचैन. दोघं मुलगे नोकरीला लागलेले. दसऱ्याला त्यांनी घरासाठी मोठी गाडी घेतली. सात सीटची, उंच, चकचकीत, आणि मागच्या दारावर इंग्रजीत हायब्रीड असं लिहिलेली. स्वतःला चालवता येत नव्हतं, म्हणून तुकारामाला ड्रायव्हर ठेवलं. मला बरं वाटलं. माझ्या दोस्ताला काम मिळालं होतं आणि गाडीला हात मिळाला होता.

पूजा करून, हार घालून गाडी दाखवायला माझ्याकडे आणली. मी हात पुसून पुढे झालो, बॉनेटची खटकी शोधायला लागलो.

"अहो अहो मिस्त्री," हरिभाऊ ओरडले, "हात नका लावू. वॉरंटी जाईल. ही तुमच्या कामाची नाय आता. आत सगळा कॉम्प्युटर हाय."

चार माणसं उभी होती. कोणी हसलं नाही, पण मला ते हसल्यासारखंच लागलं. निम्म्या तालुक्याच्या गाड्यांच्या पोटात हात घातलेला माणूस मी, आणि हा धरणाची पट्टी वाचणारा मला बॉनेटपासून लांब करतो. मी म्हटलं, "बरोबर आहे हरिभाऊ. काही लागलं तर कंपनीला विचारा." त्या दिवसापासून त्यांनी काहीही विचारलं की माझं हेच उत्तर.

हायब्रीड म्हणजे काय हे तुकारामानंच मला चालवून दाखवलं. परदेशात म्हणे मोटर आणि इंजिन दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या असतात. ही तशी नव्हती. ही साधी डिझेल गाडीच. फक्त गाडी थांबवून न्यूट्रल केली, क्लचवरचा पाय काढला, की काही सेकंदांत इंजिन आपोआप बंद. पुन्हा क्लच दाबला की चालू. एवढंच. शहरात सिग्नलला उभं राहून जे डिझेल फुकट जळतं ते वाचावं, म्हणून ही सोय. आता मला सांगा, मुरबाड ते शहापूर रस्त्यावर तेव्हा सिग्नल किती? एकही नाही. थांबायचं ते म्हशी आडव्या आल्या तर, नाहीतर समोर एसटी मागे घेत असली तर. ज्या तालुक्यात लाल दिवा फक्त साहेबाच्या गाडीवर बघायचा, तिथं हरिभाऊंनी सिग्नलला डिझेल वाचवणारी गाडी आणली होती. फक्त म्हसा गावच्या जत्रेत त्यांच्या पैशांचं चीज झालं. बैलांच्या गर्दीतून गाडी पाऊल पाऊल चालली होती, सारखी बंद, सारखी चालू, आणि हरिभाऊ खिडकीतून डोकं काढून ओळखीच्या लोकांना सांगत होते, "बगा, बगा, परत बंद झाला!" निम्म्या लोकांना वाटलं नवी गाडी बिघडली. दोघं धक्का मारायला आले.

इंजिन मात्र चांगलं होतं, हे मी नाइलाजानं कबूल करतो. नऊ माणसं आणि एसी घेऊन माळशेज तिसऱ्या गिअरमध्ये चढायची. आमच्या जीपा त्याच चढावर पहिल्या गिअरमध्ये रडायच्या. स्टिअरिंग एका बोटानं फिरे. ब्रेक नुसता पाय ठेवला की लागे.

आता ते ब्रेक का लागत हे नीट वाचा, कारण सगळं तिथंच आहे. अशा गाडीत ब्रेकच्या पेडलमागे एक गोल डबा असतो. इंजिन चालू असलं की त्या डब्यातली हवा ओढली जाते, आणि त्या ओढीनं तुमच्या पायाला मदत मिळते. तुम्ही हलकं दाबा, डबा जोरात दाबतो. इंजिन बंद झालं की ओढ संपली. डब्यात शिल्लक असते ती दोन किंवा तीन वेळा दाबण्यापुरती. त्यानंतर पेडल दगड. तीच गत स्टिअरिंगची. उभ्या गाडीला याचं काही नाही, म्हणून कंपनीनं उभ्या गाडीचंच इंजिन बंद केलं होतं. हे मला माहीत होतं. मुरबाडात तेव्हा बहुधा मलाच माहीत होतं.

फाल्गुनात, शिमग्याच्या आधी हरिभाऊ पुन्हा आले. तोंड सुकलेलं.

"मिस्त्री, अकरा देते."

"मग?"

"कागदावर चौदा हाय ना! आमी टाकी तोंडापर्यंत भरून मोजला. तीनदा मोजला. बोट बुडंपर्यंत भरतो मी."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी म्हटलं, "हरिभाऊ, कागदावरची गाडी एकटी चालते. तुमच्यात नऊ माणसं, वर कॅरिअर, त्यावर तांदळाची गोण. शिवाय एसी लावून खिडक्या उघड्या."

"पन कंपनी खोटा लिहील काय?"

"ते कंपनीला विचारा."

ते चिडून समोरच्या टपरीवर चहाला गेले. तुकाराम मागे राहिला. माझ्या बाकड्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दत्या, म्हातारा रोज डोका खातो रे. बोलतो तू येवढा ॲव्हरेज द्यायचास, आता काय झाला? मी काय बोलतो, ही गाडी उभी राहिली का सोताच बंद होते. म्हंजे कंपनीच बंद करते ना? मंग घाट उतरताना मी चावीनं बंद केली, आपल्या जीपसारी, तर चालंल ना?"

माझ्या हातात ग्रीसची चिंधी होती. सांगायचं होतं ते एक वाक्य. गाढवा, तिसऱ्या वळणावर ब्रेक दगड होतील, मरशील. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, शिवीसकट. पण समोर टपरीवर हरिभाऊ बशीतून चहा पीत होते, आणि मला त्यांचं ते हात नका लावू आठवलं. मी चिंधी बाकड्यावर टाकली आणि म्हटलं, "मी जुना मिस्त्री, बाबा. मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय? कंपनीला विचार."

तुकाराम जरा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मग मान हलवली आणि गेला.

नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. तो कल्याणला सर्व्हिसिंगला जाईल तेव्हा विचारेल. शहाणा ड्रायव्हर आहे, एकदा पेडल जड लागलं की समजेल. खोटं आहे सगळं. त्या घटकेला माझ्या मनात यातलं काही नव्हतं. हरिभाऊंची जिरली याचं समाधान होतं, आणि तुकाराम त्या गाडीत बसतो हे मी विसरलो होतो. याची मला लाज वाटते.

पाडव्यानंतर हरिभाऊ घरच्यांना घेऊन घाटावर कुलदैवताला गेले. परत येताना काय झालं ते त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, मला सांगितलं. त्या तुकारामाच्या मागच्या सीटवर होत्या.

दुपारची वेळ. माळशेजचा बोगदा ओलांडून उतार लागला तसे हरिभाऊ म्हणाले, "तुकाराम, कर रे आता बंद." तुकारामानं न्यूट्रल केली आणि चावी फिरवली. एसी थांबला, गाडीत एकदम शांत झालं. धाकट्या नातवानं टाळ्या वाजवल्या. पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्याला लागला. तिसऱ्याला तुकारामानं पाय दाबला आणि वहिनींना त्याची पाठ ताठ झालेली दिसली. त्यानं दोन्ही पाय पेडलवर घातले, सीटवरून अर्धा उठला. गाडी जरा हळू झाली, पण थांबेना. हँडब्रेक ओढला, जळका वास आला. चावीला हात घालायचा तर स्टिअरिंग सोडावं लागणार होतं, आणि ते आता दोन हातांनाही जड होतं.

डावीकडे दरी होती. उजवीकडे कडा, पण त्यासाठी रस्ता ओलांडून पलीकडे जायला हवं होतं. खालून तेवढ्यात काही येत नव्हतं. तुकारामानं सगळा जोर लावून गाडी उजवीकडे ओढली आणि कड्याला घातली. उजवी बाजू म्हणजे ड्रायव्हरची बाजू. "त्यानी आपल्या अंगावर घेतली हो," सुमनवहिनी म्हणाल्या. "आमची माणसा सगली एकमेकांवर ढकलली गेली, कोनाला काय झाला नाय. त्याचा पाय तेवढा आत रायला." पत्रा कापून काढायला घाटाखालच्या टोकावड्याहून माणसं आली. गुडघ्याखाली हाडांचा चुरा झाला होता.

तालुक्यात बातमी झाली की ब्रेक फेल. कंपनीचा माणूस आला, त्यानं इंजिन चालू करून पेडल दाबून बघितलं, ब्रेक उत्तम. मग हरिभाऊ लोकांना सांगू लागले की ड्रायव्हरचा पाय चुकला, वय झालं होतं त्याचं. मी गाडी बघायला गेलोच नाही. मला बघायची गरज नव्हती.

पाय चुकला हे तिसऱ्या माणसाकडून ऐकलं तेव्हा मात्र मी उठलो आणि हरिभाऊंच्या घरी गेलो. सगळं घर ओटीवर होतं, त्यांच्यादेखत बोललो. त्याचा पाय चुकला नाही. इंजिन बंद केलं की या गाडीचे ब्रेक तीन दाबांत जातात. बंद करायला तुम्ही सांगितलंत, त्यानं केलं, आणि असं होणार हे मला आधीपासून माहीत होतं. तिघांत ज्यानं आधी विचारून बघितलं होतं त्याचाच पाय गेला. हरिभाऊ खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं माणूस हलला. मग ते म्हणाले, "पन मिस्त्री, त्या दिवशी चौदाच्या वर गेला असता हो."

सुमनवहिनी ताडकन उठून आत गेल्या. मी पाणी न पिता निघालो. हरिभाऊंनी पुढे ती गाडी दुरुस्त करून विकली. कोणी घेतली माहीत नाही. घेणाऱ्यानं काय विचारलं असेल ते मात्र मी सांगू शकतो.

तुकारामाच्या वाडीवर जायला मला दोन महिने लागले. दवाखान्यात गेलो होतो, पण तिथं माणसं होती, मी केळी ठेवून परत आलो. ज्येष्ठात एके सकाळी गेलो. पोरं-सुना भाताच्या राबाच्या कामाला गेल्या होत्या. तुकाराम अंगणात खाटेवर बसून दोर वळत होता, पाय समोर लांब करून. गुडघ्याच्या जरा खालपर्यंतच पाय होता. त्याची बायको, गंगू, आत चुलीशी होती.

मी खाली जमिनीवर बसलो. हवापाण्याचं काही बोललो नाही, जमलंच नसतं.

"तुक्या, मला माहीत होतं," मी म्हटलं. "ब्रेक घट्ट होतात ते. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं."

त्यानं दोराला पीळ देणं थांबवलं नाही.

"तुला म्हायती आसंल ह्ये मला बी म्हायती होता," तो म्हणाला. "तुला नाय तर मंग कोनाला?"

"मग केलीस कशाला बंद?"

"तुज्या तोंडाकडं बगत रायलो ना मी. इतकी वर्सा तुज्या शिव्या खाल्ल्या. टायर गुळगुळीत, शिव्या. पट्टा ढिला, शिव्या. लायनर जरासा कमी, तर माज्या बापाला शिव्या." त्यानं दोराचं टोक दातात धरून गाठ मारली. "त्या दिशी मी इतका इचारला, आन् तू एक बी शिवी दिली नायस. मी बोल्लो, दत्या शिवी देत नाय म्हंजे काय वांधा नाय. म्हून बिनघोर चावी फिरवली."